इराकची न सापडलेली शस्त्रं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागतिक घडामोडी शिकवते. सद्दाम हुसेनच्या इराककडे सर्वसंहारक शस्त्रं आहेत असं सांगून अमेरिका आणि ब्रिटनने २००३ मध्ये त्या देशावर युद्ध केलं. त्या युद्धाचा विषय निघाला की दर बॅचला तेच प्रश्न येतात, आणि आता तर समोर बसलेल्या बऱ्याच मुलांचा जन्मच त्या युद्धानंतरचा असतो. तासात सगळं सांगून होत नाही म्हणून एकदा बसून लिहून काढलंय. परीक्षेत दोन मार्कांना येईल न येईल, पण हे नीट माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मॅडम, शस्त्रं होती की नव्हती? एका वाक्यात सांगा.

नव्हती. मार्च २००३ मध्ये इराककडे रासायनिक किंवा जैविक शस्त्रांचा साठा नव्हता, ती बनवणारे चालू कारखाने नव्हते, आणि अणुबॉम्बचं काम १९९१ नंतर बंदच पडलेलं होतं. आणि हे सद्दामच्या बाजूचं कोणी सांगत नाहीये, युद्धानंतर खुद्द अमेरिकेने जो इराक सर्व्हे ग्रुप शोधायला पाठवला त्याचा हा निष्कर्ष आहे. सुरुवातीला १,४०० च्या आसपास माणसं होती त्यात, देश ताब्यात, शास्त्रज्ञ कैदेत, कागदपत्रं हातात, दीड वर्षाच्या आसपास शोधलं आणि २००४ च्या सप्टेंबरअखेर ग्रुपचे प्रमुख चार्ल्स ड्युएलफर यांनी हजारावर पानांचा रिपोर्ट दिला. हाती आले ते १९९१ च्या आधीचे गंजलेले तोफगोळे, तेही थोडेच. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

पण सद्दामने केमिकल वापरलं होतं हे तर खरंय ना?

शंभर टक्के खरं. १६ मार्च १९८८ ला हलाबजा या कुर्दांच्या गावावर गॅस टाकला, सुमारे ५,००० माणसं मेली, बायका-मुलं दारात पडलेली होती तशीच गेली. इराणविरुद्धच्या युद्धात मस्टर्ड गॅस आणि नर्व्ह गॅस दोन्ही वापरले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासणी सुरू झाली तेव्हा तर कळलं की त्याचा अणुकार्यक्रम सगळ्यांना वाटत होता त्याच्या कितीतरी पुढे गेलेला होता, आणि गुप्तचर संस्थांना पत्ताच नव्हता.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्याची एक मुळी इथे आहे. एकदा कमी अंदाज करून तोंडघशी पडलेला माणूस पुढच्या वेळी जास्तच अंदाज करतो, तसं या संस्थांचं झालं. म्हणजे संशय यायला जागा होती, ते मी नाकारत नाही. माझं भांडण संशयाशी नाहीच, संशयाला पुरावा म्हणून विकलं त्याच्याशी आहे.

मग ती शस्त्रं गेली कुठे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने ६८७ नंबरचा ठराव केला, त्यात इराकने सगळी रासायनिक, जैविक शस्त्रं आणि १५० किलोमीटरच्या पुढे जाणारी क्षेपणास्त्रं जाहीर करून नष्ट करायची असं ठरलं. त्यासाठी अन्स्कॉम नावाचं तपासणी पथक आलं, प्रमुख होते स्वीडनचे रॉल्फ एकेउस. इराकने सुरुवातीला काही दाखवलं आणि काही लपवलं. पण त्याच उन्हाळ्यात इन्स्पेक्टर अपेक्षेपेक्षा फारच कडक निघाले, तेव्हा घाबरून लपवलेल्यातला बराचसा माल इराकने स्वतःच गुपचूप फोडला, जाळला, पुरला. यूएनचं कोणी हजर नव्हतं, नीट नोंदी ठेवल्या नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ना पंचनामा, ना साक्षीदार, ना सही-शिक्का.

आता विचार करा. पुढे बारा वर्षं यूएन विचारत राहिलं की तुम्ही ८,५०० लिटर अँथ्रॅक्स बनवलं असं म्हणता, ते गेलं कुठे, व्हीएक्स हा नर्व्ह गॅस कुठे, बॉम्ब कुठे. इराक म्हणणार नष्ट केलं. कागद दाखवा. कागद नाहीत. मग तुमच्याकडे अजून आहे! नसलेली वस्तू नाही हे सिद्ध कसं करणार माणूस? अँथ्रॅक्सचं तर असं झालं की संबंधित शास्त्रज्ञांनी काही द्रव सद्दामच्या एका महालाजवळच ओतून दिला होता आणि ते कबूल केलं तर साहेब काय करतील या भीतीने वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही. हे युद्धानंतर कळलं, तोवर तो अँथ्रॅक्सचा आकडा भाषणांमधून जगभर फिरून झालेला होता.

आणखी एक माणूस आहे, हुसेन कामेल, सद्दामचा जावई, शस्त्रकार्यक्रमाचा मुख्य. ऑगस्ट १९९५ मध्ये तो जॉर्डनला पळाला आणि इन्स्पेक्टरांना भरपूर माहिती दिली. त्यानेच सांगितलं की शस्त्रं सगळी नष्ट केली, उरलाय तो कागद आणि ज्ञान. फेब्रुवारी १९९६ ला परत गेला आणि लगेच मारला गेला. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी ऑगस्ट २००२ च्या भाषणात याच जावयाचा दाखला दिला, पण शस्त्रं नष्ट झाली हे त्याचं अर्धं म्हणणं गाळून. त्याच्या जबाबाचा तो भाग युद्धाला महिना असताना एका अमेरिकन साप्ताहिकाने छापलाही होता. कोणी थांबलं नाही.

नव्हती तर सद्दामने सरळ सांगितलं का नाही?

सांगितलं की. ७ डिसेंबर २००२ ला इराकने जवळपास १२,००० पानांचं निवेदन दिलं, त्यात आमच्याकडे काही नाही असंच होतं. पण त्यात जुनाच मजकूर पुष्कळ होता, हिशोबाच्या जुन्या फटी भरलेल्या नव्हत्या, त्यामुळे यूएनच्या तपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांच्यासारखा समतोल माणूससुद्धा नाराज झाला.

दुसरी बाजू अशी की सद्दामला इराणची भीती होती. पकडल्यानंतर त्याने चौकशी अधिकाऱ्याला हेच सांगितलं, आपण दुबळे आहोत हे तेहरानला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून झाकली मूठ ठेवली. ती इतकी झाकलेली होती की त्याच्या स्वतःच्या सेनापतींनाही वाटायचं शस्त्रं आहेत, आपल्याकडे नाहीत पण शेजारच्या तुकडीकडे असतील, आणि २००२ च्या डिसेंबरमध्ये त्याने सांगितलं की काहीही नाहीये तेव्हा त्यांना धक्का बसला. याची किंमत त्याच्या जनतेने मोजली.

इन्स्पेक्टर काय करत होते मग?

आपलं काम करत होते, आणि चांगलं करत होते, हे मला ठासून सांगायचंय कारण त्यांची टिंगल फार झाली.

अन्स्कॉमने १९९१ ते १९९८ या काळात जेवढी शस्त्रं नष्ट केली तेवढी सगळ्या बॉम्बहल्ल्यांनी मिळूनही केली नाहीत. अल-हकम हा जैविक शस्त्रांचा कारखाना त्यांनी १९९६ ला जमीनदोस्त केला. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका-ब्रिटनने चार दिवस बॉम्बहल्ले केले, त्याआधी इन्स्पेक्टर बाहेर पडले आणि मग चार वर्षं कोणी आतच नव्हतं. नंतरचे जे अंदाज आलेत ते या चार वर्षांच्या अंधारातून आलेत.

८ नोव्हेंबर २००२ ला १४४१ नंबरचा ठराव १५ विरुद्ध ० असा पास झाला, २७ नोव्हेंबरला तपासणी परत सुरू झाली. या वेळी पथकाचं नाव अनमोव्हिक, प्रमुख हान्स ब्लिक्स, आणि अणुविषयक बाजू मोहम्मद एलबरादेई यांच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे. साडेतीन महिन्यांत अनमोव्हिकने चारशेच्या वर ठिकाणी ७०० च्या वर तपासण्या केल्या. सापडलं काय तर जानेवारीत उखैदरला डझनभर रिकामी रॉकेटची टोकं, आणि अल-समूद २ ही क्षेपणास्त्रं जी १५० किलोमीटरच्या थोडी पुढे जात होती. इराकने ती फोडायला होकार दिला आणि मार्चमध्ये सत्तरएक क्षेपणास्त्रं फोडलीही, बुलडोझर चढवून. आपल्यावर युद्ध येणार हे दिसत असताना कोणता देश स्वतःची क्षेपणास्त्रं मोडतो हो?

गुप्तचर संस्थांनी दिलेल्या पत्त्यांवर ब्लिक्सची माणसं जाऊन आली, मोजक्या तीन ठिकाणी काहीतरी मिळालं आणि तेही सर्वसंहारक शस्त्रांशी संबंध नसलेलं. ब्लिक्स यांनी नंतर विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसलाय: शस्त्रं आहेत याची खात्री शंभर टक्के, आणि कुठे आहेत याची माहिती शून्य टक्के, हे कसं काय? ७ मार्च २००३ ला त्यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की उरलेलं काम वर्षांचं नाही, आठवड्यांचंही नाही, महिन्यांचं आहे. २० मार्चला युद्ध सुरू झालं.

"तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं शस्त्रं आहेत" असं म्हणतात, ते बरोबर आहे का?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, त्यामुळे इथे थोडं जास्त लिहिते.

माझे काका तेव्हा कुवेतला नोकरीला होते. मार्च २००३ मध्ये सायरन वाजायचे, इराककडून क्षेपणास्त्रं येत होती, आणि काकांनी एका खोलीच्या खिडक्या प्लास्टिक आणि टेप लावून बंद केल्या होत्या, पाण्याचे कॅन भरून ठेवले होते. आजी रत्नागिरीला फोनशेजारी बसून. काकांना वाटत होतं की पुढच्या क्षेपणास्त्रात गॅस असेल. त्यांना तसं वाटणं साहजिक होतं, त्यांच्याकडे कळायचा मार्गच नव्हता.

पण वाटणं आणि माहीत असणं वेगळं. फ्रान्स आणि जर्मनीलाही संशय होता, ब्लिक्स यांनाही सुरुवातीला आतून वाटत होतं की इराककडे काहीतरी असणार. फरक असा की ते म्हणाले, वाटतंय ना, मग जाऊन बघू. ज्यांच्याकडे कळायचे सगळे मार्ग होते त्यांच्या स्वतःच्या घरात लोक हात वर करून सांगत होते की पुरावा कच्चा आहे. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्याच संरक्षण गुप्तचर संस्थेने लिहिलं की इराक रासायनिक शस्त्रं बनवतोय किंवा साठवतोय याची भरवशाची माहिती नाही. ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ म्हणाले इराकने मागवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे युरेनियम समृद्ध करायच्या यंत्राच्या, नाहीत. परराष्ट्र खात्याची स्वतःची छोटी गुप्तचर शाखा म्हणाली की अणुकार्यक्रम परत सुरू झाल्याचं सिद्ध होत नाही.

यातले शेवटचे दोन आक्षेप अमेरिकन गुप्तचर संस्थांच्या ऑक्टोबर २००२ च्या गुप्त अहवालातच होते. तो अहवाल तीन आठवड्यांच्या आत घाईने बनवला होता, तोही सिनेटर्सनी मागितला म्हणून. मग त्याची जी जाहीर आवृत्ती काढली तिच्यातून या शंका, तळटिपा, "आम्हाला वाटतं" वगैरे शब्द गळाले आणि उरलं ते ठाम. ११ ऑक्टोबरला सिनेटने ७७ विरुद्ध २३ अशी युद्धाची परवानगी दिली. पूर्ण गुप्त अहवाल फार थोड्या सिनेटर्सनी उघडून वाचला होता. बॉब ग्रॅहॅम यांनी वाचला आणि विरोधात मत दिलं.

म्हणून "सगळ्यांनाच वाटत होतं" हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. ज्यांनी वेळेवर सांगितलं त्यांना ते इतिहासातून पुसून टाकतं.

त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचं काय प्रकरण?

इराकने हजारो नळ्या मागवल्या होत्या, ८१ मिलिमीटर व्यासाच्या, त्यातली एक खेप २००१ मध्ये जॉर्डनला पकडली. सीआयएचं म्हणणं युरेनियम समृद्ध करायच्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत. ऊर्जा खात्याची माणसं म्हणाली अहो या जाडीच्या नळीचा सेंट्रिफ्यूज बनवणं म्हणजे उलटा घास आहे, आणि हे माप इराकच्या ८१ मिलिमीटर रॉकेटशी तंतोतंत जुळतं, असल्याच नळ्या त्यांनी ऐंशीच्या दशकातही घेतल्या होत्या. एलबरादेई यांच्या माणसांनी जागेवर जाऊन बघितलं आणि रॉकेटच निघाली.

पण ८ सप्टेंबर २००२ ला, रविवार होता, न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही नळ्यांची बातमी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने आली, आणि त्याच सकाळी चेनी आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस टीव्हीवर बसून त्या विषयावर बोलले, चेनींनी तर पेपरचाच हवाला दिला. सरकारच्या माणसांनी बातमी द्यायची आणि मग सरकारनेच ती पुरावा म्हणून दाखवायची. राइस यांचं ते वाक्य त्याच दिवसाचं, की ठोस पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात यायला नको. मे २००४ मध्ये त्या पेपरने आपलं युद्धाआधीचं वार्तांकन पुरेसं काटेकोर नव्हतं असं छापून कबूल केलं.

आणि आफ्रिकेतलं युरेनियम?

नायजर देशाकडून इराकने यलोकेक म्हणजे कच्चं युरेनियम घ्यायचा करार केला अशी कागदपत्रं इटलीतून फिरत आली. २००२ च्या फेब्रुवारीत सीआयएने जो विल्सन या निवृत्त राजदूताला नायजरला पाठवलं होतं, तो येऊन म्हणाला असं काही घडलेलं दिसत नाही. तरी २८ जानेवारी २००३ च्या राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या भाषणात आफ्रिकेतल्या युरेनियमचं वाक्य आलंच, ब्रिटनच्या हवाल्याने. कागद अणुऊर्जा संस्थेच्या हातात पडले फेब्रुवारीत, आणि खोटे आहेत हे कळायला त्यांना काही तास पुरले. ऑक्टोबर २००० च्या तारखेच्या पत्रावर अशा मंत्र्याची सही होती जो १९८९ पासून त्या पदावरच नव्हता. इंटरनेटवर शोधून कळेल अशी चूक.

विल्सन यांनी जुलै २००३ मध्ये हे पेपरात लिहिलं, आठवड्याभरात त्यांची बायको व्हॅलेरी प्लेम सीआयएची अधिकारी आहे हे छापून आलं आणि तिची गुप्त नोकरी संपली. चेनींचे सहायक लिबी यांच्यावर या प्रकरणात खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा २००७ मध्ये सिद्ध झाला.

कोणीतरी नक्की विचारतं की २००८ मध्ये इराकमधून साडेपाचशे टन यलोकेक कॅनडाला नेलं ते काय होतं मग? ते तुवैथाला होतं, १९९१ च्या आधीचं, अणुऊर्जा संस्थेच्या सीलखाली, सगळ्यांना माहीत असलेलं. लपवलेलं काही नव्हतं त्यात.

कर्व्हबॉल कोण?

हे सांकेतिक नाव. एक इराकी केमिकल इंजिनियर, १९९९ ला जर्मनीत आश्रयाला आला. त्याने सांगितलं की इराक ट्रकवर फिरत्या जैविक प्रयोगशाळा चालवतो. जर्मन गुप्तचर त्याची चौकशी करायचे, अमेरिकनांना थेट भेटू देत नव्हते, युद्धाआधी एकच अमेरिकन त्याला प्रत्यक्ष भेटला. जर्मनांनी सांगितलं होतं की याच्या बोलण्याची खातरजमा झालेली नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी यूएनमध्ये भाषण केलं (ते पुढच्या प्रश्नात), त्यानंतर काही दिवसांतच इन्स्पेक्टर त्याने सांगितलेल्या जागी गेले, तर ट्रक ज्या बाजूने आत येतात म्हणाला होता तिथे भिंत. ट्रक भिंतीतून येणार का?

युद्धानंतर दोन ट्रेलर सापडले तेव्हा बुश म्हणाले शस्त्रं सापडली. ते ट्रेलर हवामानाच्या फुग्यांसाठी हायड्रोजन बनवायचे होते. आणि २०११ मध्ये कर्व्हबॉलने एका ब्रिटिश वृत्तपत्राला स्वतःच सांगितलं की मी खोटं बोललो, मला सद्दाम गेलेला हवा होता. त्या एका माणसावर मला फारसा राग येत नाही. घरदार सोडून पळालेला माणूस काहीही सांगेल, तपासायचं काम ऐकणाऱ्याचं होतं.

कॉलिन पॉवेल यांचं भाषण एवढं का गाजलं?

कारण त्या सरकारमध्ये जगाचा विश्वास असलेला माणूस तोच होता. ५ फेब्रुवारी २००३, सुरक्षा परिषद, हातात पांढऱ्या पावडरची छोटी कुपी, मागे सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसवलेले. नळ्या, ट्रक, पकडलेली फोनवरची बोलणी, उपग्रहाचे फोटो, सगळं एका दमात. त्या इमारतीत पिकासोच्या ग्वेर्निकाची मोठी प्रतिकृती लावलेली आहे, बॉम्बहल्ल्यात होरपळलेल्या गावाचं चित्र, ते त्या दिवसांत निळ्या पडद्याने झाकलं होतं. पॉवेल यांनी २००५ मध्ये मान्य केलं की ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे.

४५ मिनिटं म्हणजे काय?

२४ सप्टेंबर २००२ ला ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारने जी पुस्तिका काढली तिच्यात होतं की इराक आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत शस्त्रं वापरू शकतो. मूळ माहिती एकाच माणसामार्फत आलेली, आणि ती रणांगणावरच्या छोट्या दारूगोळ्याबद्दल होती, पण पुस्तिकेत ते लिहिलंच नाही आणि पेपरवाल्यांनी छापलं की सायप्रसमधले ब्रिटिश पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. आणखी एका स्रोताने काचेच्या गोळ्यांमधल्या विषारी गॅसचं वर्णन दिलं होतं, ते एका हॉलिवूड सिनेमातल्या चुकीच्या दृश्याशी जुळतं असं ब्रिटिश गुप्तचरांच्याच लक्षात आलं होतं, हे ब्रिटनने या युद्धाबद्दल नंतर केलेल्या चिलकॉट चौकशीत बाहेर आलं.

मे २००३ मध्ये बीबीसीवर बातमी आली की पुस्तिका फुगवली गेली. त्या बातमीमागे डॉ. डेव्हिड केली होते, ब्रिटनचे जैविक शस्त्रांचे तज्ज्ञ, स्वतः इराकमध्ये अनेकदा तपासणी करून आलेले. त्यांचं नाव बाहेर पडलं, संसदीय समितीसमोर टीव्ही कॅमेऱ्यांपुढे उलटतपासणी झाली आणि १८ जुलैला घराजवळच्या रानात त्यांचा मृतदेह सापडला. या विषयावर शिकवताना इथे मी नेहमी थांबते.

ते खोटं बोलले की चुकले?

चौकश्यांनी काय म्हटलं ते आधी. डेव्हिड के, सर्व्हे ग्रुपचे पहिले प्रमुख, जानेवारी २००४ मध्ये राजीनामा देऊन सिनेटसमोर म्हणाले आपण जवळजवळ सगळेच चुकलो. २००५ च्या अमेरिकन आयोगाने म्हटलं गुप्तचर संस्था साफ चुकल्या, पण राजकीय दबावाने निष्कर्ष बदलल्याचं आढळलं नाही. नेत्यांनी त्या माहितीचा वापर कसा केला हे बघणं त्या आयोगाच्या कामात बसवलेलंच नव्हतं. ते सिनेटच्या समितीने २००८ मध्ये बघितलं आणि काही विधानांना माहितीचा आधार होता, काहींना नव्हता असं सांगितलं. ब्रिटनची चिलकॉट चौकशी २००९ ते २०१६ चालली, बारा खंड, २६ लाख शब्द: युद्ध हा शेवटचा पर्याय नव्हता आणि धोका अशा खात्रीने मांडला जिला आधार नव्हता.

माझं मत विचाराल तर शस्त्रं असतील असं बुश आणि ब्लेअर यांना बहुधा खरंच वाटत होतं. पण आपल्याला किती माहीत आहे याबद्दल ते खरं बोलले नाहीत. "आम्हाला संशय आहे" याऐवजी "यात शंकाच नाही" म्हणणं हे खोटंच आहे, वस्तूबद्दलचं नाही, स्वतःच्या खात्रीबद्दलचं. जुलै २००२ च्या ब्रिटिश बैठकीच्या टिपणात, जे २००५ मध्ये फुटलं, गुप्तचर प्रमुख वॉशिंग्टनहून येऊन सांगतात की तिथे माहिती धोरणाला जुळवून घेतली जातेय. म्हणजे आठ महिने आधी.

आणि मार्च २००४ मध्ये एका मेजवानीत बुश यांनी ऑफिसच्या फर्निचरखाली शस्त्रं शोधतानाचे स्वतःचे फोटो दाखवून विनोद केला, लोक हसले. इराकमध्ये तेव्हा माणसं मरत होती. पहिल्या दहा वर्षांत इराक बॉडी काउंट या मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने एक लाखाहून जास्त नागरिकांचे मृत्यू नोंदवले, अमेरिकेचे सुमारे ४,५०० सैनिक गेले, ब्रिटनचे १७९. मला ते हसू आजही माफ करता येत नाही.

भारताने काय भूमिका घेतली?

८ एप्रिल २००३ ला लोकसभेने एकमताने ठराव केला. हिंदीत शब्द वापरला निंदा, इंग्रजी मसुद्यात त्यापेक्षा जरा सौम्य, त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मग अमेरिकेने जवळपास एक डिव्हिजन सैन्य मागितलं आणि १४ जुलैला वाजपेयी सरकारने नाही सांगितलं, यूएनचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू म्हणाले. तो निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. इराकच्या मातीत आपली माणसं आधीच गेलेली आहेत, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची पूना डिव्हिजन तिथे होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, कुट-अल-अमाराला वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ ला शरण जावं लागलं आणि कैदेत किती जण उपाशी मेले.

सद्दामने शस्त्रं सीरियाला पाठवली असतील ना?

ड्युएलफर यांनी हे तपासलं, सरकारी पातळीवर असं काही पाठवल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि साठाच नव्हता तर पाठवणार काय.

पण नंतर सापडली होती ना? २०१४ ला बातमी होती.

होती, आणि खरी होती. २००४ ते २०११ मध्ये अमेरिकन सैनिकांना सुमारे ५,००० जुने रासायनिक गोळे, रॉकेट आणि बॉम्ब ठिकठिकाणी मिळाले. सगळे १९९१ च्या आधीचे, गंजलेले, वापरायच्या लायकीचे नसलेले, पण आतला मस्टर्ड कातडी जाळायला पुरेसा. काही सैनिक आणि इराकी पोलीस जखमी झाले. ज्या कारणासाठी युद्ध केलं ते हे नव्हेच, म्हणून गाजावाजा झाला नाही, उलट पेंटॅगॉनने हे गुप्त ठेवलं, आणि त्या जखमी पोरांना नीट उपचार आणि मान्यता मिळायला वर्षं गेली.

आता तिथे काही उरलंय का?

इराक २००९ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी करारात आला. बगदादच्या वायव्येला अल-मुथन्ना म्हणून जागा आहे, ऐंशीच्या दशकातला मुख्य कारखाना, तिथे अन्स्कॉमने नव्वदच्या दशकात गोळा केलेला आणि बाहेर काढणं धोक्याचं असलेला माल दोन बंकरमध्ये बंद करून ठेवला होता. २०१४ च्या जूनमध्ये ती जागा काही काळ आयसिसच्या हातात गेली. परत मिळाल्यावर इराकने ते बंकर काँक्रीटने भरून कायमचे सील केले आणि मार्च २०१८ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी संघटनेने जाहीर केलं की काम पूर्ण झालं. तो माल १९९१ पासून सगळ्यांच्या यादीत होता, कोणत्या बंकरमध्ये आहे हेही इन्स्पेक्टरांनी लिहून ठेवलेलं होतं.